तबकडी हरली ती कोणाकडून?

चित्रपट घरी आणण्याच्या साधनांत चित्राच्या दर्जाच्या दृष्टीने ब्लू-रे तबकडी फार पुढे गेली. तरीही आपल्याकडे ती थोड्याच घरांत पोहोचली. असे का झाले, हे समजण्यासाठी आपण प्रथम थोडे गणित करू या.

तबकडीवरील सूक्ष्म खुणा लेसरच्या ठिपक्याने वाचल्या जातात. ठिपका जितका बारीक, तितक्या खुणा दाट बसतात. डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश वापरतात, तर ब्लू-रेसाठी 405 नॅनोमीटरचा निळसर जांभळा. तरंगलांबी सुमारे 1.6 पट घटली, म्हणून ठिपक्याचे क्षेत्रफळ 2.6 पट कमी झाले. अधिक रुंद कोनातून किरण एकत्र आणणाऱ्या भिंगाने ते आणखी निम्मे झाले. म्हणजे एकूण घट सुमारे पाचपट. एका थराची क्षमताही 4.7 गिगाबाईटवरून 25 गिगाबाईटवर गेली. हिशेब जुळतो.

या तबकडीची स्पर्धा एचडी डीव्हीडीशी होती. 19 फेब्रुवारी 2008 रोजी तोशिबाने माघार घेतली आणि ब्लू-रे जिंकली. पण दुसरा प्रतिस्पर्धी तारेतून येत होता. मुंबईच्या राजश्री संस्थेने 10 नोव्हेंबर 2006 रोजी ‘विवाह’ हा चित्रपट चित्रपटगृहांबरोबरच इंटरनेटवरूनही उपलब्ध करून दिला.

तेव्हा तार मात्र अरुंद होती. 2004 च्या सरकारी धोरणानुसार सेकंदाला 256 किलोबिट हा वेगही ‘ब्रॉडबँड’ ठरत होता. त्या वेगाने 25 गिगाबाईट उतरवायला नऊ दिवस लागले असते! सामान्य ग्राहकाने म्हणूनच व्हीसीडी जवळ केली. चित्र 352 गुणिले 288 ठिपक्यांचे आणि एका चित्रपटाला दोन-तीन तबकड्या. पण 2007 मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी 28 रुपयांत विकायला काढली. साध्या चित्रनळीच्या दूरचित्रवाणी संचावर ब्लू-रेचा फरक दिसणारही नव्हता. ग्राहकाचा निर्णय शहाणपणाचाच होता.

पुढे संच सुधारले, पण तोवर तारही रुंद झाली. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाईलवरील डेटा झपाट्याने स्वस्त झाला. व्हीसीडीवरून आपण बहुतेक जण ब्लू-रेला वगळून थेट प्रवाही चित्रपटांकडे आलो.

यात आपण काय गमावले? विकत घेतलेली तबकडी आपली असते. प्रवाही चित्रपट पुरवणाऱ्याने काढून घेतला की संपला. प्रती जपल्या नाहीत तर काय होते, हे ‘राजा हरिश्चंद्र’ने दाखवले आहे. 1913 च्या या चित्रपटाचा काही भागच आज शिल्लक आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये निघाले, तोवर अनेक मूकपट नष्ट झाले होते.

मुंबईपासून सुमारे हजार किलोमीटरवरच्या चिचगडसारख्या गावातील शिक्षकासाठी हा प्रश्न व्यवहाराचा आहे. चित्रफीत नेहमी जाळ्यावरूनच दाखवायची, तर जाळे बंद पडले की पाठही थांबतो. म्हणून ज्या शैक्षणिक फिती मोफत उतरवून घेण्याची परवानगी आहे, त्यांच्या दोन प्रती शाळेने दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, असे आम्हाला वाटते.

विद्यार्थ्यांना आपल्या गावातील जाळ्याचा वेग मोजून 25 गिगाबाईटला किती वेळ लागेल ते काढायला सांगावे. या इतिहासाचा निकाल कशाने लागला, ते त्या एका भागाकारात दिसेल.