खोकल्याची साक्ष



खोकतांना, शिंकतांना किंवा जड वस्तु उचलतांना नकळत लघवी होणें, ही असंख्य स्त्रियांची जुनी व्यथा आहे. बाळंतपणानंतर असें व्हावयाचेंच, असें म्हणून ती बहुधा मनांतच दडविली जाते. हा विकार नेमका ओळखावा कसा, या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे.

लंडनचे शस्त्रवैद्य व्हिक्टर बॉनी यांनीं १९२३ मध्यें या विकारावर लेख लिहिला. त्यांच्या नांवानें ओळखली जाणारी परीक्षा अगदीं साधी होती. मूत्राशय भरलेलें असतां स्त्रीला खोकावयास सांगावयाचें; लघवी झाल्यास मूत्राशयाच्या मुखाला दोन बोटांनीं आधार देऊन पुन्हां खोकावयास सांगावयाचें. आतां ती थांबली, तर शस्त्रक्रियेनें गुण येईल असें मानीत.

पुढें यंत्रें आलीं. स्वीडनमधील एनहॉर्निंग यांनीं १९६१ मध्यें मूत्राशय आणि मूत्रमार्ग या दोहोंतील दाब एकाच वेळीं मोजून दाखविला. याचें महत्त्व मोठें होतें. कारण कांहीं स्त्रियांत मूत्राशय आपण होऊन आकुंचन पावतें आणि घाईची लघवी आवरत नाहीं. त्या विकाराचा उपचार निराळा. तेथें चुकीच्या निदानानें केलेली शस्त्रक्रिया व्यर्थ जाते. याच दाबमापनानें १९८० नंतर बॉनींच्या परीक्षेंतील उणीवही उघड केली: तीं बोटें आधार देण्याऐवजीं मूत्रमार्गच दाबून धरीत!

मग खोकल्याची साक्ष खोटी ठरली काय? मुळींच नाहीं. ज्यांचा विकार गुंतागुंतीचा नव्हता आणि खोकतांच प्रत्यक्ष दिसत होता, अशा ६३० स्त्रियांचा एक अभ्यास अमेरिकेंत २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांचीच साधी तपासणी झाली; एका गटाचें मात्र त्याखेरीज दाबमापनही केलें. वर्षानें पाहतां दोन्ही गटांत शेंकडा ७७ च्या सुमारास स्त्रियांना गुण आला होता. गुंतागुंतीच्या विकारांत यंत्राची गरज राहिलीच. परंतु सरळ विकारांत विचारपूस, लघवीची तपासणी आणि डॉक्टरांसमोर खोकणें एवढें पुरेसें ठरलें.

बोटें चुकलीं, यंत्रांनाही मर्यादा कळली; खोकला टिकला. मात्र या सर्व परीक्षांच्या आधीं एक पायरी आहे, आणि ती कोणत्याही वैद्याच्या हातीं नाहीं. स्त्रीनें आपली व्यथा सांगितली पाहिजे, आणि घरच्यांनीं ती हंसण्यावारीं न नेतां ऐकली पाहिजे.