कांदा, मोती आणि 'अनियन'

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात सकाळी लिलाव सुरू झाला की व्यापारी, मापारी आणि शेतकरी यांचा घोळका एका ट्रॉलीकडून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत जातो. एकदा मी त्या घोळक्यामागे उभा असताना एका व्यापाऱ्याने ओंजळभर कांदे उचलले, त्यांतले दोन बाजूला टाकले आणि तो एवढेच म्हणाला, "जोड आहेत." एका सालीखाली दोन गड्डे! शेतकऱ्याचा चेहरा उतरला. मला मात्र सेमिनरीतला लॅटिनचा वर्ग आठवला; कारण आपली शाळकरी मुले ज्याला 'अनियन' म्हणतात, त्या इंग्रजी शब्दाच्या पोटात 'एक' हाच अर्थ दडलेला आहे.

आपला 'कांदा' संस्कृत 'कंद' या शब्दातून आला. जमिनीखाली वाढणारा गड्डा, इतकेच तो सांगतो. रोमन लोकांचा रूढ शब्द होता 'केपा'. त्यातूनच पोर्तुगीज 'सेबोला', इटालियन 'चिपोल्ला' आणि जर्मन 'त्स्वीबेल' हे शब्द निघाले. मिसरमधून सुटून अरण्यात आलेले इस्राएल लोक तिथल्या काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून रडले, हा प्रसंग गणना या ग्रंथाच्या ११ व्या अध्यायात आहे. संत जेरोम यांनी त्याचे लॅटिन भाषांतर करताना कांद्यासाठी याच जुन्या शब्दाचे रूप वापरले. (मुक्ततेपेक्षा कांद्याची आठवण काढणाऱ्यांवर आपण प्रवचनात टीका करतो, लासलगावात राहून ती करताना जरा जपावे लागते.)

मग 'अनियन' कुठला? तो पंडितांचा नव्हे, शेतकऱ्यांचा शब्द. पहिल्या शतकात कोलुमेल्ला या लेखकाने शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या बाराव्या भागात कांदा मुरवण्याची कृती आहे. कोंब न फुटलेला, बाजूला पिल्ले न चिकटलेला कांदा निवडावा, असे तो सांगतो आणि एका जातीविषयी नोंदवतो की, खेड्यातील लोक तिला 'उनिओ' म्हणतात. लॅटिनमध्ये 'उनुस' म्हणजे एक. 'उनिओ' म्हणजे एकपण. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या सूचना वाचताना मला आमच्या आवारातला व्यापारीच बोलतो आहे असे वाटले. डेंगळा नको, जोड नको; कांदा एकटा, भरीव हवा.

याच शब्दाला दुसरा अर्थ होता तो टपोऱ्या मोत्याचा. कोणतेही दोन मोती सारखे नसतात म्हणून हे नाव पडले, असे प्लिनी सांगतो. कांद्याचे नाव मोत्यावरून आले की एकट्या गड्ड्यावरून, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. पांढरा कांदा सोलून पाहिला तर पहिली कल्पना अगदीच टाकाऊ वाटत नाही.

फ्रान्समध्ये या शब्दाचे 'ओन्यों' झाले आणि १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच भाषेबरोबर तो तिकडे रुजला. इंग्रजीत तो 'ओ' या अक्षराने लिहितात आणि उच्चार 'अ' करतात, याबद्दल मुले तक्रार करतात. दोष जुन्या लेखनिकांचा. उभ्या रेघांच्या त्या लिपीत 'यू' आणि 'एन' शेजारी आले की वाचणाऱ्याचा गोंधळ होई. म्हणून अनेक शब्दांत 'यू'च्या जागी 'ओ' लिहिण्याची रीत पडली. फ्रेंचांनी १९९० च्या लेखनसुधारणेत या शब्दातले एक न उच्चारले जाणारे अक्षर वगळण्यास मुभा दिली, तेव्हा तिथेही कुरकुर झालीच.

त्याच 'उनिओ'पासून इंग्रजीत 'युनियन' आला. ख्रिस्ताच्या ठायी ईश्वरी आणि मानवी स्वभावांचा जो संयोग, त्यासाठी ईशज्ञानात हाच लॅटिन शब्द आम्ही शिकलो. कामगारांची युनियन तीच. कांदा आणि युनियन ही सख्खी भावंडे आहेत, हे येथील शेतकऱ्याला सांगितले तर तो कडवट हसेल. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. लासलगावच्या कांद्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी भावाचे दुखणे जुनेच. १९८० साली शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या हाकेला ओ देऊन कांदा आणि उसाच्या भावासाठी या जिल्ह्यातील शेतकरी रस्त्यांवर उतरले. निफाड तालुक्यातल्याच खेरवाडीला ते रेल्वेमार्गावर जाऊन बसले. त्या दिवसांत 'उनिओ' खराच दिसला. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये याच तालुक्यातील एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले आणि त्याने ते मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवून दिले. तो एकटाच होता. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये उठली. तोवर उन्हाळ कांदा निघाला होता.

त्या सकाळी टाकलेले ते दोन जोड कांदे मी उचलून घरी आणले. चिरल्यावर डोळ्यांत पाणी तेवढेच आले.