फली नरिमन कोण होते? आणीबाणी लागताच सरकारी पद सोडणारे वकील

ज्येष्ठ विधिज्ञ फली नरिमन यांचं २१ फेब्रुवारी २०२४ रोजी दिल्लीत निधन झालं. ते ९५ वर्षांचे होते.

रंगूनमध्ये जन्मलेल्या नरिमन यांनी १९५० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९७२ मध्ये ते अतिरिक्त सॉलिसिटर जनरल झाले. मात्र जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू होताच त्यांनी या पदाचा राजीनामा दिला.

भोपाळ वायुगळती प्रकरणात त्यांनी युनियन कार्बाइडची बाजू मांडली होती. त्याची खंत त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवली.

पत्नी बाप्सी यांच्यासोबत त्यांचा संसार सहा दशकांहून अधिक काळ चालला. मुलगा रोहिंटन २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, तेव्हा ८५ वर्षांचे वडील त्याच न्यायालयात वकिली करत होते.