पगारातले दोनशे रुपये आणि 'मागेल त्याला काम'

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर तुमची सॅलरी स्लिप काढा. पीएफ, टीडीएस या दांडग्या मंडळींच्या खाली अंग चोरून उभी असलेली एक ओळ दिसेल: प्रोफेशनल टॅक्स, रुपये २००. फेब्रुवारीत तोच ३०० होतो, म्हणजे वर्षाचे बरोबर २५००. बरोबर २५००च का? तर राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये या कराची कमाल मर्यादाच तेवढी आहे. आधी ती वर्षाला २५० होती, १९८८च्या घटनादुरुस्तीने २५०० झाली. तेव्हापासून पगार कुठल्या कुठे गेले, हा आकडा मात्र तिथेच.

आपण या ओळीकडे बघतही नाही. पण महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो कशासाठी, हे कळलं तर पुढच्या महिन्यात नक्की बघाल. शहरातल्या पगारदाराने हे पैसे द्यायचे होते ते गावात काम नसलेल्या माणसाच्या मजुरीसाठी. सरकारने काम दिलं नाही तर बेकार भत्ता देण्याची कायदेशीर हमी त्यातूनच उभी राहिली. आजची गोष्ट त्या हमीची, आणि तिच्यातल्या एका चिठोऱ्याची.

पण आधी थोडं मागे जाऊ. बेकार माणसाला सरकारने पैसे द्यायचे ही कल्पना मुळात आली कुठून?

आधुनिक रूपात ती उभी राहिली इंग्लंडमध्ये. विल्यम बेव्हरिज नावाचा एक माणूस (गंमत म्हणजे जन्म बंगालमधल्या रंगपूरचा, वडील इथेच आयसीएस अधिकारी) १९०९ साली बेकारीवर एक पुस्तक लिहितो. त्याचा मुद्दा साधा होता. माणूस बेकार असतो तो आळशी असतो म्हणून असं समजणं चूक आहे. एका गल्लीत माणसं कामाच्या शोधात असतात, दुसऱ्या गल्लीत मालक माणसांच्या, आणि दोघांची गाठ पडत नाही. मग गाठ घालून देणारी सरकारी कचेरी काढा. विन्स्टन चर्चिल तेव्हा व्यापार खात्याचा मंत्री होता. त्याने कायदा आणला आणि १ फेब्रुवारी १९१० रोजी पहिली 'लेबर एक्स्चेंज' उघडली.

पाठोपाठ १९११चा नॅशनल इन्शुरन्स कायदा आला. बांधकाम, जहाजबांधणी, इंजिनिअरिंग अशा चढउताराच्या धंद्यांतले सुमारे साडेबावीस लाख कामगार त्यात घेतले. कामगाराने आठवड्याला अडीच पेन्स भरायचे, मालकाने अडीच, थोडी भर सरकारची. काम गेलं की आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे. अट एकच: त्या एक्स्चेंजमध्ये येऊन सही करायची. म्हणजे तू खरंच बेकार आहेस आणि काम मिळालं तर घ्यायला तयार आहेस, हे रोजच्या रोज सिद्ध होतं. भत्ता आणि एक्स्चेंज ही एकाच यंत्राची दोन चाकं होती. एकाशिवाय दुसरं चालणार नाही, हे बेव्हरिजला पक्कं माहीत होतं.

आता आपल्याकडे काय झालं बघा. आपण एकच चाक आणलं!

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा फौजेतून सुटून येणाऱ्या लाखो जवानांना कामाला लावायचं म्हणून १९४५ मध्ये भारत सरकारने पुनर्वसन आणि रोजगाराचं खातं काढलं. तीच आपली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, मराठीत सेवायोजन कार्यालय. १९४८ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली, १९५६ मध्ये राज्यांकडे गेली. १९५९च्या कायद्याने सरकारी कचेऱ्यांना आणि २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवणं सक्तीचं केलं. वाचायला झकास वाटतं. पण मेख अशी की सक्ती फक्त कळवण्याची होती. माणूस तिथूनच घ्या अशी सक्ती नव्हती. आपल्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांनी मॅट्रिक झाल्या झाल्या नाव नोंदवलं, कार्ड घेतलं, वर्षानुवर्षं नूतनीकरण केलं आणि 'कॉल' येण्याची वाट बघितली. भत्ता मात्र या कार्डावर नव्हता.

का नव्हता? पैसा नव्हता हे एक झालंच. पण त्याहून मोठी अडचण होती. विम्याला मालक लागतो, पगारपत्रक लागतं, हप्ता कापून घ्यायची सोय लागते. मराठवाड्यातला शेतमजूर आज एकाच्या रानात तर उद्या दुसऱ्याच्या. त्याचा मालक कोण? त्याची नोकरी सुटली कधी? आणि तो बेकार आहे हे तपासणार कोण, तलाठी? मग भत्ता कोणाला मिळाला असता हे सांगायला नकोच.

या गाठीवर उत्तर काढलं ते वि. स. पागे यांनी. हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातले, गांधीविचारांचे. १९६० ते १९७८ एवढा काळ विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी प्रश्नच उलटा केला. माणूस बेकार आहे का हे तपासत बसू नका. त्याला म्हणा, काम हवंय ना, हे घे काम: उन्हात माती उपसायची, खडी फोडायची, बंधारा बांधायचा. ज्याला खरंच गरज आहे तोच येईल, बागायतदार काही पाटी उचलायला येणार नाही. म्हणजे जी चाळणी इंग्लंडने कचेरीत सही करून लावली, ती पाग्यांनी कामाच्याच जागी लावली. वर गावात पाझर तलाव किंवा रस्ता उरतो तो वेगळाच. साठच्या दशकात तासगाव तालुक्यात त्यांनी हे करून पाहिलं आणि मग मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या गळी उतरवलं. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना सुरू झाली. घोषवाक्य तीन शब्दांचं: मागेल त्याला काम.

आणि नेमका तेव्हाच बहात्तरचा दुष्काळ पडला. आजी-आजोबांकडून तुम्ही ऐकलं असेल: लाल मिलो, सुकडी, खडीची केंद्रं. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोचली होती. एवढ्या भयंकर दुष्काळात मोठी मनुष्यहानी टळली त्याचं बरंचसं श्रेय या कामांना दिलं जातं. जगभरचे अर्थतज्ज्ञ आजही तो अनुभव अभ्यासतात. सरकारला यातून दोन गोष्टी कळल्या. एक, एवढं प्रचंड काम यंत्रणा उभं करू शकते. दोन, याला कायमचा पैसा लागतो.

तो पैसा म्हणजे आपली सॅलरी स्लिपवरची ओळ. प्रोफेशनल टॅक्स आला. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहन कर, बागायती जमीन यांवर थोडा थोडा भार आला. शहरांतल्या बिगरनिवासी मिळकतींच्या बिलांवर 'रोजगार हमी कर' असा रकाना आला. या करांतून जेवढे जमतील तेवढेच सरकारने स्वतःचे घालायचे असं ठरलं. मुंबई-पुण्याच्या आमदारांनी हे मान्य कसं केलं? थोडी सहृदयता होती, थोडा हिशोबही होता. गावात काम मिळालं तर गावं उठून शहरात येणार नाहीत. हेतू मिश्र होते खरे, पण पैसा जमला.

१९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी कायदा एकमताने मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काय म्हणत होता कायदा? ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं तर १५ दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर बेकार भत्ता द्यायचा. किती? दिवसाला किमान १ रुपया.

हसू नका! आकडा क्षुल्लक होता हे मान्य. पण आपल्या भाषेत सांगायचं तर सरकारने स्वतःवर एसएलए लावून घेतलं होतं. रिक्वेस्ट आली की घड्याळ सुरू. १५ दिवसांत रिस्पॉन्स नाही तर पेनल्टी. इंग्लंडमध्ये भत्ता हा कामगाराने भरलेल्या हप्त्याचा परतावा होता. इथे तो सरकारच्या नाकर्तेपणाचा दंड होता. काम मागणं ही विनंती उरली नाही, तो हक्क झाला. सरकारी कचेरीच्या दारात उभं राहून 'माझे १५ दिवस झाले' असं म्हणायची ताकद कायद्याने भूमिहीन मजुराच्या, आणि विशेषतः बाईच्या हातात दिली. या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने येत. हजेरीपटावर स्वतःचं नाव, स्वतःची मजुरी हा अनेकींच्या आयुष्यातला पहिलाच अनुभव होता.

आता तो चिठोरा. घड्याळ सुरू कधी होतं? अर्ज दिल्यावर. अर्ज दिला हे कशावरून? तारखेच्या पोचपावतीवरून. सगळा कायदा येऊन टेकतो तो या एका कागदावर. आणि कचेरीला हे मजुराच्या आधी कळलं. अर्ज तोंडी घ्या, 'काम निघालं की सांगू' म्हणा, किंवा काम सुरू व्हायच्या दिवशीच सगळ्यांचे अर्ज भरून घ्या. पोच नाही, म्हणजे टाइमस्टॅम्प नाही, म्हणजे उशीर झालेलाच नाही! लॉगच लिहिला नाही तर सिस्टीम कधीच डाऊन दिसत नाही, तसंच हे. त्यामुळे कायद्यात भत्ता असूनही प्रत्यक्षात तो क्वचितच कोणाच्या हातात पडला. मजुरांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले त्यांतली एक मागणी हीच असे: आमचा अर्ज घ्या आणि पोच द्या.

बाकी दोषही कमी नव्हते. खोटी नावं असलेली मस्टर, अर्धवट तलाव, आणि शहरातून जमलेला कर सगळा या कामांवर खर्च न होणं. पण कल्पना टिकली. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला त्याचा मूळ नमुना महाराष्ट्राचाच. कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम. १५ दिवसांत काम नाही मिळालं तर पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव आणि पुढे किमान निम्मा भत्ता. एक बारीक फरक बघा: मजुरी केंद्र देणार, भत्ता मात्र राज्याने स्वतःच्या खिशातून द्यायचा. उद्देश चांगला, काम काढलं नाही तर राज्याला झळ बसावी. परिणाम? पोच न देण्याचं आणखी एक कारण! डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्यात दिवस १२५ केले. दिवस वाढले याचं स्वागत आहे, पण मी तरी आधी पोचपावतीचं कलम शोधेन.

आणि आपण, दोनशे रुपये भरणारे? आपली नोकरी गेली तर? ईएसआयने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये नोकरी गेलेल्यांसाठी भत्त्याच्या योजना काढल्या. २०२० मध्ये, कोव्हिडच्या काळात, दुसऱ्या योजनेतला भत्ता पगाराच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केला. मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. पण ईएसआयची पगारमर्यादा २१,००० रुपये. बहुतेक आयटीवाले त्याच्या बाहेर. म्हणजे ले-ऑफच्या ईमेलनंतर आपल्याजवळ असते ती नोटीस पिरियडची रक्कम, जमवलेला पीएफ आणि मित्रांचे रेफरल. ज्या हमीसाठी शहराने कर भरला तशी हमी शहराने स्वतःसाठी कधी मागितलीच नाही. वर्षानुवर्षं नोकऱ्या मिळत गेल्या, त्यामुळे गरज भासली नसावी.

मागायची वेळ आली तर पाग्यांची योजना जशीच्या तशी चालणार नाही हे उघड आहे. कोडिंग येणाऱ्याला खडी फोडायला लावून चाळणी लागत नाही. आपल्याकडे तर विम्याला लागणारं सगळं आहे: मालक, पगारपत्रक, दरमहा कापणी. तेव्हा बेव्हरिजचं राहिलेलं चाक आणणं अवघड नसावं. पण कायदा कुठलाही येवो, गावचा किंवा शहराचा, वाचताना दोनच गोष्टी शोधायच्या. घड्याळ कधी सुरू होतं? आणि ते सुरू झाल्याचा कागद कोणाच्या हातात राहतो?

भत्ता किती, हा प्रश्न त्यानंतरचा.