किमया, मन आणि विज्ञान : रसशास्त्राच्या संदर्भात

किमया म्हणजे हिणकस धातूचे सोने करण्याचा हव्यास, अशी समजूत रूढ आहे. भारतीय रसशास्त्र मात्र लोहवेध व देहवेध अशी दोन उद्दिष्टे मानते. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात रसशाळा, मूषा व यंत्रे यांचे तपशीलवार वर्णन आहे. त्यातील जस्त काढण्याच्या कृतीत सांगितलेली वांग्याच्या आकाराची मूषा राजस्थानातील झावर येथे सापडलेल्या मृत्पात्रांशी जुळते. हे वर्णन निव्वळ कल्पित नव्हते.

कार्ल युंग यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात युरोपीय किमयेतील काळी, पांढरी व तांबडी अवस्था ही मनाच्या एकात्मीकरणाची प्रतीके मानली. रसशाळेतही पारा व गंधक खलून काळी कज्जली होते आणि वालुकायंत्रात कुपीच्या गळ्याशी तांबडा रससिंदूर जमतो. रसायनशास्त्रानुसार दोन्ही मूलतः मर्क्युरिक सल्फाइडच. बदलते ती स्फटिकरचना. रसवैद्याच्या दृष्टीने रंग ही प्रथम पाकसिद्धीची खूण होय. तथापि, दीक्षा, गुरुभक्ती व संयम यांचा ग्रंथांतील आग्रह पाहता साधकाचे मनही या प्रक्रियेबाहेर राहत नाही.

नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आयुर्वेद महाविद्यालयांत रसशास्त्र आजही शिकवले जाते. त्यामुळे हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. पारा विषारी आहे. परंपरेची प्राचीनता हे औषधाच्या निर्धोकतेचे प्रमाण ठरत नाही. निष्कर्षतः, प्रतीकाचा अर्थ मानसशास्त्राने लावावा, कल्पाची परीक्षा मात्र प्रयोगशाळेतच व्हावी.