दोन यंत्रांपासून एका पडद्यापर्यंत: नांदेड-लातूरच्या सिनेमा केबिनचा इतिहास

नांदेड आणि लातूर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. सिनेमाच्या धंद्यात ते नंतरही तिथेच राहिले. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, पण वितरकांच्या वहीत हा मुलूख तेलंगण आणि गुलबर्गा, बीदर, रायचूर यांच्यासोबत ‘निजाम सर्किट’मध्येच मोजला जात राहिला. त्यामुळे हिंदी चित्रपट मुंबईत तयार झाला तरी इथल्या थिएटरचा व्यवहार हैदराबादशी. नांदेड मनमाड-हैदराबाद मीटरगेज मार्गावर होते, तर लातूरला 1911 पासून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीकडे जोडत होती. रिळांच्या पेट्यांना आधी रेल्वेचा आणि पुढे एसटीचा आधार होता.

पेटी आल्यावरचे काम केबिनमध्ये चाले. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चौकटी या वेगाने मिनिटाला 90 फूट सरकते. तीन तासांचा चित्रपट म्हणजे सुमारे सोळा हजार फूट, जवळजवळ पाच किलोमीटर फिल्म. दोन हजार फुटांचे एक रीळ साधारण 22 मिनिटे चाले, म्हणजे अशी आठ-नऊ रिळे लागत. गावोगाव फिरणाऱ्या तंबू टॉकीजकडे बहुधा एकच यंत्र असे, म्हणून रीळ संपले की खेळ थांबे आणि प्रेक्षक शिट्ट्या मारत. पक्क्या थिएटरात शेजारी शेजारी दोन सारखी यंत्रे असत. एक चालू असताना दुसऱ्यात पुढचे रीळ भरून ठेवायचे आणि पडद्यावर सांधा न दिसता एकावरून दुसऱ्यावर जायचे, हा चेंजओव्हर म्हणजे ऑपरेटरच्या कसबाचा गाभा होता.

त्याची खूण फिल्मवरच असे. रीळ संपण्याच्या सुमारे आठ सेकंद आधी चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात चार चौकटींपुरता, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्शापुरता, एक ठिपका चमके. तो दिसला की दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. शेवटच्या सेकंदाच्या सुमारास दुसरा ठिपका आला की एका यंत्राची झडप बंद आणि दुसऱ्याची उघडी. आवाजही त्याच क्षणी वळवायचा. नव्या रिळाच्या सुरुवातीला उलट्या आकड्यांची पट्टी जोडलेली असे. ती ठरावीक आकड्यावर लावली तरच मोटरने वेग घेईपर्यंत पहिले चित्र बरोबर वेळेला पोचे. त्यातच कार्बनच्या कांड्या जळून आखूड होत असत, त्यांच्यातले अंतर सारखे धरावे लागे, नाहीतर पडदा पिवळा पडे. वीज गेली तर जनरेटर लागेपर्यंत सगळेच अडे.

लहान शहरांत पोचणारी प्रिंट बऱ्याचदा मोठ्या शहरांत झिजून आलेली असे. रिळांची टोके फाटत, तुटलेला भाग कापून जोड दिला जाई आणि त्यात ठिपकेही जात. मग ऑपरेटर खिळ्याने किंवा पेनाने फिल्मवर स्वतःची खूण करी. पुढच्या गावच्या ऑपरेटरला ती प्रिंटसोबतच मिळे, कधी चार खुणा एकावर एक. इतिहासाच्या दृष्टीने हा बारीक तपशील महत्त्वाचा आहे, कारण यंत्राने कधी काय करायचे याची सूचना इथे माध्यमावरच लिहिलेली होती. वाचणारा डोळा तेवढा माणसाचा होता.

परदेशातील बहुपडदा थिएटरांनी तो डोळाही काढून घेतला. झेनॉन दिव्यामुळे कार्बन सांभाळण्याची गरज संपली आणि आडव्या फिरत्या थाळ्यांवर अख्खा चित्रपट सलग गुंडाळता येऊ लागला, तेव्हा दुसऱ्या यंत्राचे कामच उरले नाही. फिल्मच्या कडेला धातूची चिकटपट्टी लावली जाई. ती संवेदकासमोरून गेली की खुंट्या रोवलेला एक दंड एक घर पुढे सरके आणि खुंटी असेल ते काम होई: दिवे मंद करणे, पडद्याची रुंदी बदलणे, आवाज वळवणे. पुढच्या काळातल्या आज्ञावलीचा हा सरळ पूर्वज. इथल्या एका केबिनच्या, एका पडद्याच्या थिएटरला त्याची निकड नव्हती.

अनेक सारखी यंत्रे एका ठिकाणाहून चालवण्याची अडचण मराठवाड्यातील शहरांत आधी वेगळ्याच जागी उभी राहिली. 1992 नंतर उपग्रह वाहिन्या वाढल्या आणि केबलचालकाच्या खोलीत एका वाहिनीला एक अशा रिसीव्हरच्या रांगा लागल्या. एकाच बनावटीचे रिसीव्हर रिमोटच्या एकाच संकेताला उत्तर देतात, म्हणून एकाची वाहिनी बदलायला जावे तर शेजारच्याचीही बदलते. इलाज साधा: बाकीच्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी. सारख्या यंत्रांना स्वतंत्र पत्ता हवा, हा धडा मात्र त्यातच होता.

चित्रपटगृहांतला बदल 2005 नंतर आला, आणि तो महानगरांपेक्षा लहान शहरांसाठी मोठा होता. एका प्रिंटला पन्नास-साठ हजार रुपये लागत, म्हणून प्रिंट मोजक्या निघत. यूएफओ मूव्हीज या कंपनीने उपग्रहातून चित्रपट थेट थिएटरच्या संगणकात उतरवायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या एकपडदा थिएटरांनाही पहिल्याच शुक्रवारी नवा चित्रपट दाखवता येऊ लागला. 2005 मध्येच हॉलिवूडच्या स्टुडिओंनी डिजिटल सिनेमाचे तांत्रिक निकष जाहीर केले. पुढे या शहरांत बहुपडदा थिएटरे आली आणि केबिनमध्ये टचस्क्रीन बसला.

त्यावर खेळाची यादी रचली जाते. आधी जाहिराती, धूम्रपानाविषयीचा इशारा आणि राष्ट्रगीत, जे महाराष्ट्रात 2003 पासूनच थिएटरांत वाजवले जात होते, मग चित्रपट. यादीत योग्य जागी आज्ञा पेरल्या जातात: दिवा लाव, झडप उघड, सभागृहातले दिवे मंद कर, रुंद चित्राचे भिंग घे. मध्यंतराची आज्ञा ही खास भारतीय भर. परदेशी चित्रपटाला मध्यंतर नसते, तेव्हा कुठे तोडायचे हे इथेच ठरते, आणि ते नेहमीच चांगले ठरते असे नाही.

तीन-चार पडदे असले की प्रत्येकासाठी वेगळी आज्ञावली लिहिणे हा वेडेपणा. एकदा दुरुस्ती करायची ती चारदा करावी लागते आणि एखादी राहून जाते. म्हणून आज्ञांची मालिका एकच लिहायची आणि पडद्याचा क्रमांक तेवढा बदलता ठेवायचा. क्रमांकावरून त्या यंत्राचा जाळ्यातला पत्ता मिळतो आणि आज्ञा तिकडेच जाते. ‘चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू’ अशी दुहेरी कळ इथे घातक, कारण एक संदेश हुकला तरी पुढचे सगळे उलटे पडते. चालू आणि बंद यांच्या आज्ञा वेगळ्या लागतात. तसेच टचस्क्रीनवरचे हिरवे चिन्ह आज्ञा पाठवल्याचे नव्हे, यंत्राने दिलेल्या उत्तराचे असायला हवे. झेनॉन दिवा विझल्यावर पंखा काही मिनिटे चालू राहावा लागतो, तेव्हा आज्ञांमधला थांबाही लिहूनच द्यावा लागतो.

एक काम टचस्क्रीनच्या आवाक्याबाहेर राहिले. स्टुडिओंच्या निकषांप्रमाणे आलेला चित्रपट कुलूपबंद असतो. त्याची डिजिटल किल्ली विशिष्ट यंत्रासाठीच तयार होते आणि ठरलेल्या तारखा-वेळांपुरतीच चालते. एकाच चित्रपटाचे खेळ तीन पडद्यांवर लावायचे तर प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी मागवावी लागते, आणि हक्कांचा हिशेब अजूनही निजाम सर्किटच्या नावावर मांडला जातो.