वर्गणी संपल्यानंतर काय उरते? भारतीय ग्रंथालयांच्या नोंदवहीचा शंभर वर्षांचा प्रवास

१ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना देशभर सुरू झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली होती. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० शोधपत्रिका, ६,३०० हून अधिक शासकीय संस्था आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक असा तिचा विस्तार आहे. ज्या महाविद्यालयात एका शोधपत्रिकेची वर्गणी भरणेही अशक्य होते, तेथील विद्यार्थी आज जगातील आघाडीचे संशोधन वाचू शकतो. ही गोष्ट लहान नाही.

या आनंदात एक प्रश्न मागे पडला आहे. तीन वर्षांची मुदत संपल्यानंतर योजना पुढे चालेल, तिचे रूप बदलेल किंवा एखादा प्रकाशक तिच्यातून बाहेर पडेल. काहीही झाले, तरी २०२६ साली पैसे मोजून मिळवलेला शोधनिबंध २०३० साली वाचण्याचा हक्क संस्थेला असेल का? आणि असेल, तर तो कोणत्या कागदाच्या आधारे सिद्ध करता येईल?

छापील पुस्तकांच्या काळात हा प्रश्न कोणाला पडत नसे. त्याचे उत्तर दाखलनोंद वहीत होते. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळे. लेखक, शीर्षक, विक्रेता, बिलाचा क्रमांक, तारीख आणि किंमत एकाच ओळीत लिहिली जाई. तोच क्रमांक पुस्तकाच्या पानावर उमटे. पुस्तक फाटले, हरवले किंवा काढून टाकले, तर त्याच ओळीपुढे शेरा पडे. ही वही म्हणजे ग्रंथालयाचा सातबारा होती. कपाटातील वस्तू आणि वहीतील ओळ या दोहोंचा मेळ बसला, की मालकी सिद्ध होत असे.

एस. आर. रंगनाथन या गणिताच्या प्राध्यापकाची १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाली. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम (१९३१) आणि द्विबिंदू वर्गीकरण (१९३३) यांसाठी ते जगभर ओळखले जातात. मात्र ग्रंथालयाच्या रोजच्या कारभाराविषयीचे त्यांचे काम तितकेच मोलाचे आहे. नियतकालिकांसाठी त्यांनी तीन पत्रकांची पद्धत सुचवली. पहिल्या पत्रकावर आलेल्या प्रत्येक अंकाची नोंद होई. दुसरे तपासणीचे पत्रक आठवड्यांच्या क्रमाने लावलेले असे आणि कोणता अंक येणे बाकी आहे हे दाखवी. तिसरे पत्रक विषयवार सूचीचे होते. या पद्धतीचे मर्म दुसऱ्या पत्रकात आहे. आलेल्या वस्तूची नोंद कोणीही ठेवतो. न आलेल्या वस्तूचीही नोंद व्यवस्थेने ठेवावी, असा रंगनाथन यांचा आग्रह होता. अंक चुकला, की लगेच स्मरणपत्र जाई. दिरंगाई झाली, तर तो अंक छपाईबाह्य होऊन कायमचा हातचा जाई.

स्वातंत्र्यानंतर विज्ञानाचा विस्तार वेगाने झाला आणि परकीय चलनाची चणचण कायम राहिली. १९५२ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत ‘इन्सडॉक’ हे वैज्ञानिक प्रलेखन केंद्र उभे राहिले. देशात कोठेही नसलेल्या निबंधाची प्रत मिळवून देणे, परभाषेतील निबंधांचे भाषांतर करून घेणे ही त्याची कामे होती. पुढे त्याने भारतातील ग्रंथालयांत असलेल्या वैज्ञानिक नियतकालिकांची संयुक्त सूची तयार केली. कोणत्या शोधपत्रिकेचे कोणते खंड कोणत्या ग्रंथालयात आहेत, हे तिच्यातून कळे. एका संस्थेची नोंद चोख असेल, तर दुसऱ्या शहरातील संशोधकाचे काम अडत नाही, हा त्या सूचीचा धडा होता.

संगणकाचे युग आले तेव्हा या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रातून गेला. विद्यापीठांची ग्रंथालये एका जाळ्याने जोडणारा ‘इन्फ्लिबनेट’ हा प्रकल्प १९९१ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राच्या छत्राखाली सुरू झाला. १९९६ मध्ये तो गुजरातेत स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्र म्हणून स्थिरावला. २००३ मध्ये तंत्रशिक्षण संस्थांसाठी ‘इंडेस्ट’ हा समूह स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय आयआयटी दिल्लीत आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते विद्यापीठांसाठी ‘यूजीसी-इन्फोनेट’ ग्रंथालय समूहाचे उद्घाटन झाले. महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ आली. २०१५ च्या अखेरीस हे तिन्ही प्रवाह ‘ई-शोधसिंधू’त विलीन झाले आणि २०२५ पासून देशव्यापी वर्गणीचा टप्पा सुरू झाला.

दोन दशकांत खरेदी करणारी यंत्रणा वारंवार बदलली. दर वेळी वाचकाला अधिक मिळाले. मात्र या प्रवासात व्यवहाराचे स्वरूपच मुळातून पालटले. छापील अंकाची वर्गणी भरली, की अंक ग्रंथालयाचा होई. वर्गणी बंद केली, तरी जुने बांधीव खंड कपाटातच राहत. इलेक्ट्रॉनिक शोधपत्रिकेत ग्रंथालय वस्तू विकत घेत नाही; ते ती वाचण्याचा परवाना घेते. फाइल प्रकाशकाच्या यंत्रावर असते. काही करारांत वर्गणी भरलेल्या वर्षांचे अंक कायम वाचण्याचा हक्क असतो, काहींत नसतो. काहींत तो हक्क असूनही यंत्रणेच्या देखभालीचे शुल्क वेगळे द्यावे लागते. अनेक प्रकाशकांचे साहित्य एकत्र करून देणाऱ्या भांडारांच्या बाबतीत मुदत संपली, की सहसा काहीच उरत नाही. म्हणजे कपाटात उभे असलेले सगळे आता करारातील एका कलमात आले. ते कलम हाच ग्रंथालयाचा संग्रह झाला.

असे असूनही कलम सांभाळण्याची रीत मात्र दाखलनोंद वहीइतकी रुळली नाही. मूळ करार समूहाच्या कार्यालयात, त्याचे परिशिष्ट एखाद्या ईमेलमध्ये, शीर्षकांची यादी कोणाच्या तरी संगणकावर आणि पैसे भरल्याचा पुरावा लेखा विभागात, अशी विभागणी सहज होते. ग्रंथपाल निवृत्त होतात आणि त्यांचे ईमेल खाते बंद होते. दरम्यान एखादी शोधपत्रिका एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जाते, तिचे नाव बदलते, दोन पत्रिकांची एक होते. दहा वर्षांनी नवा प्रकाशक विचारतो, की २००८ ते २०१२ या वर्षांची वर्गणी आपण भरली होती याचा पुरावा कोठे आहे? पुरावा नसेल, तर हक्क असूनही दार उघडत नाही.

सरकारी हिशेबाचे नियमही छापील जगाच्या मापाने घडले आहेत. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार (२०१७) २०,००० पर्यंत खंड असलेल्या ग्रंथालयाने दरवर्षी संपूर्ण पडताळणी करायची असते. २०,००० ते ५०,००० खंड असतील, तर तीन वर्षांतून किमान एकदा. वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार खंडांमागे पाच खंडांची हानी स्वाभाविक मानली जाते. ही मोजणी खंडांची आहे. एक पुस्तक हरवले, तर ते पडताळणीत उघड होते. एका रात्रीत शंभर पत्रिकांचे मागील दहा वर्षांचे अंक दिसेनासे झाले, तर कपाट रिकामे दिसत नाही आणि पडताळणीतही काही कमी भरत नाही. रंगनाथन यांचे तपासणीचे पत्रक या ठिकाणी नेमके गैरहजर आहे.

यावर उपाय शोधताना ग्रंथालयशास्त्राला आपल्या शेजारच्या शास्त्राकडे, अभिलेख व्यवस्थापनाकडे वळावे लागते. या शास्त्राचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५४८९, २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१६ मध्ये सुधारले गेले. अभिलेख म्हणजे केवळ माहिती नव्हे, तर व्यवहाराचा पुरावा, हे त्याचे सूत्र आहे. पुरावा अस्सल, विश्वासार्ह, अखंड आणि वापरता येण्याजोगा असला पाहिजे. भारतात सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ हा कायदा याच क्षेत्रातला आहे. संगणकाने निर्माण केलेल्या सामग्रीचाही त्याने अभिलेखाच्या व्याख्येत समावेश केला. तेव्हा देशात सर्वसामान्यांना इंटरनेट उपलब्धही झाले नव्हते. केंद्राच्या नियंत्रणाखालील वैधानिक संस्था त्याच्या कक्षेत येतात. अभिलेख अधिकारी नेमणे आणि विहित पद्धतीखेरीज अभिलेख नष्ट न करणे ही त्यातील बंधने आहेत. महाराष्ट्रानेही २००५ च्या अधिनियमाने राज्यापुरती अशी व्यवस्था केली.

अभिलेख व्यवस्थापनाचे सर्वांत उपयोगी साधन म्हणजे जतन-कालावधीची सूची. कोणता कागद किती काळ ठेवायचा आणि तो काळ कोणत्या घटनेपासून मोजायचा, हे ती सांगते. मूळ विसंगती इथेच सापडते. लेखा विभागाच्या दृष्टीने वर्गणीचे बिल हा खर्चाचा कागद आहे. लेखापरीक्षा आटोपली, ठराविक वर्षे उलटली, की तो निकाली काढता येतो. ग्रंथालयाच्या दृष्टीने मात्र तेच बिल कायम हक्काचे खरेदीखत आहे. हक्काला मुदत नसेल, तर त्याच्या पुराव्यालाही मुदत असता कामा नये. नियम पाळून, कोणताही हलगर्जीपणा न करता, संस्था स्वतःच्या मालमत्तेचा दस्तऐवज रद्दीत घालू शकते. चूक माणसाची नसते. कागदाचा वर्ग चुकलेला असतो.

मूळ मजकूर तरी सुरक्षित आहे का, हाही प्रश्न आहेच. १९९९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘लॉक्स’ हा प्रकल्प सुरू झाला. अनेक ग्रंथालयांनी आपापल्या यंत्रावर प्रती ठेवायच्या आणि त्या परस्परांशी ताडून पाहायच्या, हे त्याचे तत्त्व. २००५ मध्ये ‘पोर्टिको’ आले, पुढे ‘क्लॉक्स’ आले. सेज या प्रकाशनसंस्थेने अवयवारोपणाविषयीची ‘ग्राफ्ट’ ही पत्रिका बंद केली, तेव्हा तिचे अंक अशाच जतनभांडारांमुळे वाचकांना पुन्हा मिळाले. सगळ्यांचे नशीब एवढे चांगले नसते. २००० ते २०१९ या काळात १७४ मुक्त शोधपत्रिका आंतरजालावरून नाहीशा झाल्याचे एका अभ्यासाने दाखवले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सुमारे ७४ लाख प्रकाशनांचा नमुना तपासला गेला. त्यांतील २७ टक्क्यांहून अधिक प्रकाशनांची प्रत कोणत्याही प्रमुख जतनभांडारात आढळली नाही.

भौतिकशास्त्रात मोजमापाची नोंद नसेल, तर निष्कर्ष ग्राह्य धरला जात नाही. ग्रंथालयांनाही हाच दंडक लागू करायला हवा. त्यासाठी महागड्या प्रणालीची गरज नाही. प्रत्येक कराराची स्वाक्षरीची प्रत, दरवर्षीच्या शीर्षकांची आणि वर्षांची यादी, पैसे भरल्याचा पुरावा, मुदतीनंतरच्या वाचनहक्काचे कलम, प्रकाशक बदलल्याचा पत्रव्यवहार आणि वापराची आकडेवारी, एवढे सहा अभिलेख एका ठिकाणी, व्यक्तीच्या नव्हे तर पदाच्या ताब्यात असावेत. हक्क जिवंत आहे तोवर ते नष्ट होऊ नयेत. आणि वर्षातून एकदा तपासणीचे पत्रक हाती घ्यावे: हक्क असलेल्या जुन्या अंकांतील काही निबंध प्रत्यक्ष उघडून पाहावेत आणि न उघडणाऱ्यांची नोंद करावी.

देशव्यापी वर्गणीमुळे करार केंद्रीय झाला, म्हणून संस्थेची जबाबदारी संपली असे मानणे घातक ठरेल. २००३ पासून २०२४ पर्यंत संस्थांनी स्वतंत्रपणे किंवा समूहांमार्फत मिळवलेले हक्क त्या त्या वेळच्या करारांत आहेत. नव्या योजनेत सगळेच दिसत असल्याने जुन्या हक्कांचा पुरावा आज अनावश्यक वाटतो, आणि अनावश्यक वाटणारा कागदच सर्वांत आधी नाहीसा होतो. ते पुरावे गोळा करण्याची वेळ, सर्व काही उघडे असताना, म्हणजे आजची आहे. हा खर्च करदात्यांच्या पैशातून झाला आहे. त्या पैशातून काय वाचले गेले याचा हिशेब आकडेवारी देईल. काय मिळवले गेले याचा हिशेब केवळ नोंदवही देऊ शकते.